तुम्ही विचारलंत म्हणून: "ताई, हे एव्हरेस्टच ना?"

बेस कॅम्पचा ट्रेक करून आल्यापासून दर मे आणि नोव्हेंबरमध्ये माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर बर्फाच्या डोंगरांचे फोटो येऊन पडतात, खाली एकच प्रश्न, "ताई, हे एव्हरेस्टच ना?" आणि मी नाही म्हटलं की लगेच पुढचा, "तुला कसं कळतं पण?" तर एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी कबुली. माझ्याच हॉलमध्ये दोन वर्षं नुप्त्से, म्हणजे एव्हरेस्टच्या शेजारचं शिखर, एव्हरेस्ट म्हणून लटकत होतं. बेस कॅम्पजवळच्या काला पत्थर या टेकाडावरून काढलेला फोटो, मधोमध पांढराशुभ्र टोकदार डोंगर, चांगली मोठी प्रिंट काढून फ्रेम केली, आल्यागेल्याला चहाबरोबर दाखवली, आणि एक दिवस भाच्याचा मित्र, नुकताच माउंटेनियरिंगचा बेसिक कोर्स करून आलेला, पोहे खाता खाता म्हणाला, "काकू, एव्हरेस्ट ते डावीकडचं, काळं." बघते तर कोणीतरी खांद्यावरून डोकवावं तसं मागे एक काळपट त्रिकोणी टोक, तेही फ्रेमवाल्याने कडेला निम्मं कापलेलं. म्हणजे 8848.86 मीटरवाला कापला आणि 7861 मीटरवाला ठेवला!

पण चूक त्याची नाही हो. नुप्त्से पुढे आहे, जवळ आहे, म्हणून ते थोराड दिसतं. आणि एव्हरेस्टच्या इथून दिसणाऱ्या उभ्या बाजूवर वारा इतका भयंकर की बर्फ फारसा टिकत नाही, काळा खडक उघडा पडतो, आणि बरेचदा माथ्यावरून धूर निघाल्यासारखा पांढरा पट्टा उडताना दिसतो. तो उडणारा बर्फच. त्यामुळे फोटोतलं सगळ्यात देखणं ते एव्हरेस्ट, हे डोक्यातून काढा.

देखणं म्हणाल तर आमा दाब्लाम, आणि मला येणाऱ्या फोटोंत निम्मे तरी हेच असतात. फक्त 6812 मीटर, पण दोन्ही बाजूंना हात पसरून बसलेल्या आईसारखं, आणि गळ्याशी एक हिमनदी लटकलेली. आमा म्हणजे आई, दाब्लाम म्हणजे शेर्पा बायका गळ्यात घालतात तो पेटीसारखा ताईत. तो ताईत दिसला की मी बाकी काही बघतच नाही. (2006 मध्ये त्याच हिमनदीचा तुकडा कोसळून खालच्या कॅम्पमधले सहा जण गेले, तेव्हा नुसता सुंदर म्हणून सोडून द्यायचा प्रकार नाही तो.) ताजा बर्फ फसवतो, आठवड्यात डोंगराचा चेहरा बदलतो. डोंगराच्या कडांच्या धारा, खडकातले पट्टे आणि अशा लटकत्या हिमनद्या बघायच्या, त्या सहसा दगा देत नाहीत.

खरं सांगू का, मी शिखराकडे सगळ्यात शेवटी बघते. आधी विचारते कुठे उभा होतास, तोंड कुठे होतं, वाजले किती होते. "बेस कॅम्पच्या दगडाशी उभं राहून काढला" असं कोणी म्हटलं की विषयच संपला, बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं टोक दिसतच नाही. वाटेतल्या तेंगबोचे गावावरून दिसतं, पण नुप्त्से आणि शेजारच्या ल्होत्से शिखराच्या भिंतीमागून जेमतेम, आणि उजवीकडे आमा दाब्लाम असं मिरवत असतं की कॅमेरा आपोआप तिकडेच वळतो. जागा कळली की गूगल अर्थवर तिथे जाऊन उभी राहते, शेजारचे डोंगर जुळवते, मग मधला कोण ते आपोआप कळतं. म्हणून फोटो डॉक्युमेंट करून पाठवा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर जागा-वेळेची माहिती गळून जाते.

एकदा मात्र अर्धा रविवार गेला. काही केल्या जुळेना, सगळं बरोबर वाटतंय आणि तरी चुकतंय, शेवटी लक्ष गेलं पोराच्या जॅकेटवरच्या अक्षरांकडे. उलटी! सेल्फी, आरशासारखा सेव्ह झालेला. फिरवला आणि दोन मिनिटांत काम झालं.

दार्जिलिंगकडच्या संदकफूचा ट्रेक करणाऱ्यांचं वेगळंच, तिथून तिघं शेजारी दिसतात, ल्होत्से, एव्हरेस्ट, मकालू, आणि मकालू जवळ असल्याने तेच मोठं वाटतं, मग लाल गोल त्यालाच. मधलं बघा, मधलं.

आणि चुकलात तर वाईट वाटून घेऊ नका. 1850 च्या दशकात हरमान श्लागिंटवाइट नावाच्या जर्मन संशोधकाने नेपाळातून गौरीशंकर बघितला आणि तेच एव्हरेस्ट समजला. गौरीशंकर 7134 मीटर, एव्हरेस्टच्या पश्चिमेला पन्नासाहून जास्त किलोमीटर लांब! हेन्री वुड या ब्रिटिश सर्वेक्षण अधिकाऱ्याने 1903 मध्ये जाऊन तपासलं तेव्हा कुठे दोन्ही वेगळे असं पक्कं झालं. आमच्या घरी ती बातमी अजून पोचायची आहे, बाबा आजही फ्रेमसमोर उभे राहून पाहुण्यांना सांगतात, "हा गौरीशंकर. हिने काढलाय."