उसना घेतलेला एक म्हणजे दहा नव्हे : माझा अनुभव

पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित असतं. दहावीनंतर सहा वर्षं गणिताची वही उघडली नव्हती, तरी लसावि, समच्छेद, बेरीज दोन दिवसांत परत जमलं. अडकले ती पूर्णांकयुक्त अपूर्णांकांच्या वजाबाकीत. तब्बल तीन आठवडे!

गणित असं: ७ १/८ वजा ३ ३/४. समच्छेद केले, ३/४ चे ६/८ झाले. एकातून सहा जात नाहीत, म्हणून सातातला एक उसना घेतला. लहानपणापासून उसना म्हणजे दहा, तेव्हा १ चे ११ केले. अकरातून सहा गेले, पाच. उत्तर ३ ५/८. पर्यायांत नेमकं तेच छापलेलं, त्यामुळे शंकाही यायची नाही. उत्तरतालिकेप्रमाणे मात्र ते चूक.

क्लासमध्ये दोनदा विचारलं. "हे पाचवीचं आहे, घरी बघा," म्हणून सर पुढे गेले. तो राग अजून गेलेला नाही. पाचवीचं आहे म्हणूनच तर विचारायची लाज वाटते.

सुटलं ते बाबांच्या कामावर. बाबा सुतार. त्यांच्या टेपवर इंचाचे आठ भाग, एक भाग म्हणजे एक सूत. त्यांना म्हटलं, सात इंच एक सुताच्या पट्टीतून पावणेचार इंच कापले तर उरेल किती? टेपवर अंगठा सरकवत म्हणाले, "तीन इंच तीन सूत. करवतीत जाईल ते वेगळं."

मी वही दाखवली.

"एक इंच मोडला तर सूत किती?"

"आठ."

"मग दहा कुठून आणलेस?"

तिथेच भुश्यात बसून गणित पुन्हा केलं. छेद आठ, तर उसना एक म्हणजे ८/८. आठ आणि एक नऊ, नवातून सहा गेले तीन. ३ ३/८. छेद पाच असता तर पाच मिळाले असते, बारा असता तर बारा. त्या संध्याकाळी वीस गणितं सोडवली, वीसही बरोबर आली. इतका आनंद कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

गुणाकाराचं सांगायचं राहिलं. आधी अंशाधिक करून घ्या, म्हणजे अडीचचे ५/२. पूर्णांक वेगळा, अपूर्णांक वेगळा गुणलात तर अडीच गुणिले अडीच सव्वाचार येतात, खरे सव्वासहा. भागाकारातही आधी अंशाधिक, मग दुसरा उलटा करून गुणायचं.

आणि वजाबाकीचा ताळा घ्याच. ३ ३/८ मध्ये ३ ६/८ मिळवले, ६ ९/८ झाले, म्हणजे ७ १/८. अर्धं मिनिटही लागत नाही.