आनिएरच्या काठावर

रविवार, रात्री

आज दुपारचा बराचसा वेळ जॉर्ज स्यूरा या फ्रेंच चित्रकाराच्या एकाच चित्रासमोर गेला. 'आनिएर येथील स्नान', १८८४. मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. मी स्क्रीनवर मोठं करून कोपरान् कोपरा पाहत होतो.

पॅरिसलगत सीन नदीचा काठ. ऊन पांढुरकं, धुरकट. गवतावर आणि पाण्याच्या कडेला काही पुरुष आणि मुलं. मधला मुलगा पाठीत वाकून, पाय पाण्यात सोडून बसलाय. शेजारी कपड्यांचा ढीग. पुढे एक जण गोल टोपी घालून आडवा झालाय, त्याच्याजवळ तपकिरी कुत्रं. कुणी कुणाशी बोलत नाही, कुणी आपल्याकडेही पाहत नाही. तरी ही माणसं एकाकी वाटत नाहीत. एकमेकांच्या सोबतीनं गप्प बसलेली वाटतात, आणि असं गप्प बसणं किती दुर्मीळ असतं!

मागे, पुलापलीकडे, क्लिशीच्या कारखान्यांची धुराडी दिसतात. चित्राचा जीव मला तिथे सापडतो. या शांततेला कामाची पार्श्वभूमी आहे. त्या मुलाच्या पाठीचा बाक बघताना बाबा आठवले. सुट्टीच्या दिवशी ओट्यावर ते असेच बसायचे, हात मांडीवर टाकून.

चित्र २ मीटर उंच, ३ मीटर रुंद आहे. एवढे कॅनव्हास तेव्हा देव, राजे, लढाया यांच्यासाठी असत. स्यूरानं तो मान नदीवर आलेल्या साध्या पोरांना दिला. तेव्हा तो २४ वर्षांचा होता. १८८४च्या सलोननं, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत चित्रप्रदर्शनानं, चित्र नाकारलं. मग त्याच वर्षी स्वतंत्र चित्रकारांच्या प्रदर्शनात ते लागलं, तेही उपाहारगृहात. तिथे बसलेल्यांपैकी किती जणांनी मान वर करून पाहिलं असेल, हा विचार मनातून जात नाही.

रंगांकडे परत परत जावंसं वाटतं. गवतावर आडवेतिडवे फटकारे आहेत, पाण्यावर लांबट, आडवे. अंगाची उजळ बाजू जिथे पाण्याला भिडते तिथे पाणी किंचित गडद केलंय. सावलीची बाजू भिडते तिथे फिकं. शेव्रल या रसायनशास्त्रज्ञानं शेजारशेजारच्या रंगांबद्दल जे सांगितलं होतं, ते स्यूरानं मन लावून वाचलं होतं. पण हे सगळं कळण्याआधीच त्या पाठी उन्हात उबदार झालेल्या जाणवतात. पाण्यातल्या मुलाच्या केशरी टोपीवरचे ठिपके मात्र त्यानं काही वर्षांनी, रंगांचे ठिपके शेजारीशेजारी ठेवून रंगवायची पद्धत हाती आल्यावर, घातले.

सगळ्यात जास्त भावली ती त्याची पूर्वतयारी. त्यानं लहान लहान लाकडी फळ्यांवर तैलरंगात अभ्यासचित्रं केली. एकात नदीत उतरलेले घोडे आहेत, एकात इंद्रधनुष्य. मोठ्या चित्रात ना घोडे आले, ना इंद्रधनुष्य. नजर पटकन वेधून घेईल असं जे जे होतं ते त्यानं काढून टाकलं आणि बसलेली माणसं ठेवली. विशीतल्या चित्रकाराला इंद्रधनुष्य सोडून देणं जमलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. पुढे ३१व्या वर्षी तो गेलाच.

ती इंद्रधनुष्याची फळीही नॅशनल गॅलरीतच आहे. उद्या कामावरून आल्यावर ती शोधून नीट पाहायची, आणि दोन्ही चित्रं शेजारी ठेवून आकाशाचा रंग ताडून बघायचा.