तुम्ही विचारलंत म्हणून: मारुती 800 च्या मागच्या चाकाचा नट किती आवळायचा?

ठाण्या-नवी मुंबईत जुनी मारुती 800 सांभाळणारे हे हमखास विचारतात: मागच्या चाकातून घूं-घूं येतंय, ग्रीस भरून भागेल का? आणि परत बसवताना नट किती आवळायचा?

आधी नटाचं सांगतो (चाक धरणारे छोटे नट नव्हेत, ड्रमच्या मधल्या टोपीखालचा एकच मोठा नट), कारण बेअरिंगं तिथेच मरतात. नट पूर्ण आवळायचा. तुमच्या गाडीच्या सालाच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल, तेवढ्यावर आणि टॉर्क पान्यानंच (नट किती जोरानं आवळला ते सांगणारा पाना). ‘आवळ आणि पाव फेरा सैल कर’ ही रीत ट्रकच्या पुढच्या चाकातल्या टेपर रोलर (निमुळत्या रोलरच्या) बेअरिंगची. तिथे बेअरिंग किती ढिलं राहील, ते नटानं ठरतं. 800 च्या मागच्या ब्रेक ड्रममध्ये दोन बॉल बेअरिंगं असतात आणि मधे स्पेसर, म्हणजे एक छोटी पोलादी नळी. नट आवळला की दोन्ही बेअरिंगच्या आतल्या रिंगा स्पेसरला दोन बाजूंनी टेकतात, ताण नळी घेते आणि बॉलवर दाब येत नाही. नट सैल राहिला तर आतली रिंग स्पिंडलवर (चाक ज्या स्थिर दांड्यावर फिरतं तो) फिरायला लागते आणि स्पिंडल खाते. मग रिंग घट्ट बसावी म्हणून कुणी स्पिंडलवर पंचानं ठिपके मारतं, कुणी पत्र्याची पट्टी गुंडाळतं. दोन्ही जुगाड. झिजलेलं स्पिंडल बदलावंच लागतं.

आवाज बेअरिंगचा की टायरचा, ते आधी ओळखा. काँक्रीटवरून डांबरावर आलात आणि आवाज पालटला, तर टायर. तसाच राहिला आणि वेगाबरोबर चढला, तर बेअरिंग. पाम बीच रोडच्या लांब वळणांवर आणखी कळतं: उजव्या वळणावर वजन डाव्या चाकांवर जातं, तेव्हा घूं वाढली तर बहुधा डावं. खात्रीसाठी चाक उचला, एका हातानं फिरवा आणि दुसरा हात कॉइल स्प्रिंगवर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना लागते. (1986 च्या आधीच्या मॉडेलला मागे पाटे आहेत, तिथे हात पाट्यावर.)

खोलताना हँडब्रेक सोडलेला हवा, म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा. मधली टोपी काढा, कॉटर पिन (नट फिरू नये म्हणून आरपार घातलेली) सरळ करून ओढा आणि नट चाक जमिनीवर असतानाच ढिला करा. जॅकवर उचललेल्या गाडीला झटके नकोत. मग जॅक, स्टँड, चाक बाहेर. ड्रम अडला तर कडेवर हातोडा घालू नका, बीडाला तडा जातो. स्लाइड हॅमर (सरकतं वजन आपटून ड्रम ओढणारं अवजार) लावा. आतली धूळ फुंकायची नाही, ओल्या चिंधीनं पुसायची. जुन्या लायनरमध्ये (ब्रेकच्या घासणाऱ्या पट्टीत) ॲस्बेस्टॉस असू शकतं.

आता ग्रीसचं. आतल्या रिंगेवर ठोकून बेअरिंग बाहेर काढलं की तो मार बॉलमधून बाहेरच्या रिंगेत जातो आणि खाचा पडतात. असं काढलेलं बेअरिंग पुन्हा वापरू नये. आवाज करणाऱ्या बेअरिंगला तर ग्रीसनं काहीच होत नाही, खड्डे भरून येत नाहीत. दोन्ही बेअरिंगं आणि ऑइल सील (ग्रीस आत, पाणी बाहेर ठेवणारी रबरी कडी) एकदमच बदला. नंबर जुन्या बेअरिंगवरून वाचा. शेवटच्या दोन आकड्यांना पाचनं गुणलं की आतलं भोक निघतं: 6205 म्हणजे 25 मिमी भोक, 52 मिमी बाहेरचा व्यास, 15 मिमी रुंदी. नावाजलेल्या कंपन्यांचा नकली माल बाजारात भरपूर आहे, तेव्हा बिलाशिवाय घेऊ नका.

बसवताना जोर फक्त बाहेरच्या रिंगेवर. जुनी रिंग किंवा त्याच मापाचा सॉकेट ठेवून ठोका. एक बेअरिंग पूर्ण बसवा, स्पेसर घाला, मग दुसरं. स्पेसर टेबलावरच राहिला तर सगळं परत. उघड्या (बाजूला झाकण नसलेल्या) बेअरिंगच्या बॉलमध्ये लिथियम ग्रीस बोटानं दाबून भरा, हबची पोकळी मात्र तिसरा हिस्साच. ठासून भरलेलं ग्रीस तापतं, सील ओलांडतं आणि लायनरवर येतं. तसं लायनर रॉकेलनं धुऊन उपयोग नाही, ब्रेक तापले की मुरलेलं ग्रीस पुन्हा वर येतं. सीलची ओठाची बाजू आत, ग्रीसकडे.

सील पावसाळ्यात का जातं? ठाण्यात वंदना टॉकीजपाशी पाणी भरलेलं असतं, लांबून आलेल्या गाडीचे हब तापलेले असतात. ते गार पाण्यात बुडाले की आतली हवा आक्रसते आणि सीलच्या कडेनं पाणी ओढून घेते. आठवडाभरात ग्रीस दुधाळ होतं. चाकं बुडतील इतक्या पाण्यातून गाडी गेली असेल, तर टोपी काढून एकदा बघाच.

शेवटी टॉर्क दिल्यावर कॉटर पिनचं भोक जुळलं नाही, तर नट थोडा पुढे न्या, मागे नाही. पिन नवी. ब्रेकचं पेडल दहाबारा वेळा मारून हँडब्रेक तपासा. दहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न मारता चालवा आणि दोन्ही हबच्या टोप्यांना आधी अंतरावरून, मग टेकवून हात लावा. दोन्ही सारख्या कोमट असाव्यात. एक चटका देत असेल तर त्या बाजूचा ड्रम पुन्हा उघडा: लायनर घासतंय किंवा बेअरिंग तिरकं बसलंय.