पाच मिनिटं

"बाई, पाच मिनिटं याले धरते कोन?" उपकेंद्रात बीपी मोजायला आलेल्या आजीचा सवाल. दीड वर्षाचा नातू मांडीवर, त्याचा हात पट्ट्याकडे.

बीपी नीट मोजायचा तर आधी पाच मिनिटं गप्प बसावं लागतं, पाठ टेकून, पाय जमिनीवर. नाहीतर आकडा फुगतो.

मायबाप पुण्याला कामावर. अंगणवाडीत बसायला पोट्टं तीन वर्षांचं व्हावं लागते, तोवर आजीच.

आजीला थोडी सुटी हवी. पण शेजारणीनं 'पोट्टं कधीही आणून ठेव' म्हटलं की आजी कधीच आणत नाही. वार ठरवा. बुधवारी जेवणानंतर दोन तास, दरवेळी तीच शेजारीण. सुरुवातीला आजीनं तिथंच बसावं, म्हणजे पोट्टं रुळते. अन् त्या दोन तासांत तिनं धुणं काढलं, तर गेली सुटी बाप्पा!

तुमच्या गल्लीत बुधवार कोण घेते?