पेंटिंग झालं, आता जरा थांबा

ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते म्हटलं की लोक पहिलं हेच विचारतात, रक्त बघून चक्कर नाही का येत. नाही येत. माझं टेन्शन रक्ताच्या बरंच आधीचं असतं. पेशंटचं पोट पेंट करून, म्हणजे कापण्याआधी जंतू मारायचं औषध फासून झालेलं असतं, सगळे गाऊन ग्लोव्हज घालून तयार, आणि कुणीतरी म्हणतं "चला, ड्रेप द्या" (ड्रेप म्हणजे पेशंटवर पसरायची स्टराईल चादर), आणि मला लाईटखाली सरळ दिसत असतं की पोट अजून ओलं चकचकीत आहे.

बाहेरच्यांना वाटतं ते तपकिरी औषध फासलं की जंतू मेले, विषय संपला. तसं नसतं हो. स्किनवरचे जंतू, स्टॅफिलोकोकस वगैरे, हे तिथले जुने भाडेकरू, वरवर पुसून जाणारे नव्हेत. बरेचसे केसांच्या मुळाशी आणि तेलग्रंथींत बसलेले असतात, खांद्याच्या ऑपरेशननंतर त्रास देणारा क्युटीबॅक्टेरियम ॲक्नेस तर तिथलाच. त्यामुळे इन्स्ट्रुमेंट जशी स्टराईल होतात तशी स्किन कधीच होत नाही, जंतू जमेल तितके कमी करायचे एवढंच आपल्या हातात असतं. आणि ते औषध लावल्या क्षणी होत नाही, लावल्यापासून सुकेपर्यंतच्या मिनिटांत होतं. पोव्हिडोन आयोडीन, म्हणजे आपलं बीटाडिन, त्यातून आयोडीन हळूहळू सुटतं आणि ते काम करतं. लगेच पुसून टाकलं तर रंग तेवढा चढला, बाकी काय झालं देव जाणे.

आता भांडणाचा मुद्दा. बीटाडिन की क्लोरहेक्सिडीन, म्हणजे जंतू मारायचं दुसरं औषध? २०१० मध्ये ८४९ पेशंटवरचा एक मोठा अभ्यास आला, त्यात क्लोरहेक्सिडीन-अल्कोहोलवाल्यांना इन्फेक्शन ९.५% आणि बीटाडिनवाल्यांना १६.१%. झालं, सगळीकडे क्लोरहेक्सिडीनचा जयजयकार, २०१६ च्या डब्ल्यूएचओच्या गाईडलाईनमध्येही अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडीनच आलं. पण नीट बघा ना, त्या अभ्यासात एका बाटलीत अल्कोहोल होतं आणि दुसरीत नव्हतं, मग जिंकलं नक्की कोण? २०२४ मध्ये हार्ट आणि पोटाच्या ऑपरेशनवरचा अभ्यास आला, त्यात दोन्ही औषधं अल्कोहोलमध्येच होती, तर इन्फेक्शन आयोडीनकडे ५.१% आणि क्लोरहेक्सिडीनकडे ५.५%, म्हणजे जवळपास सारखंच. क्लोरहेक्सिडीन स्किनला चिकटून बराच वेळ काम करत राहतं, रक्त लागलं तरी आयोडीनसारखं लगेच ढिलं पडत नाही, हे त्याचे प्लस पॉईंट आहेतच. तरी माझं मत विचाराल तर बाटलीवरून वाद घालण्यात जेवढा वेळ जातो ना, तेवढा सुकायला दिला तर पेशंटचं जास्त भलं होईल.

अल्कोहोलवालं सोल्युशन असेल तर केस नसलेल्या स्किनवर किमान ३ मिनिटं. घड्याळ बघून, अंदाजाने नाही, कारण ओटीत एक मिनिटसुद्धा पाच मिनिटांसारखं वाटतं. केसांत गेलं तर सुकायला तासभरही लागू शकतो. आणि इथे प्रश्न नुसता इन्फेक्शनचा नाही, आगीचा आहे. ओल्या स्किनवर ड्रेप टाकला की खाली अल्कोहोलची वाफ साठते, बाजूला ऑक्सिजन चालू असेल तर आणखी वाईट, आणि मग सर्जनने कॉटरी (विजेवर चालणारं, कापायचं आणि रक्त थांबवायचं यंत्र) लावली की एक ठिणगी बस होते. अल्कोहोलची ज्योत फिकी निळी, ओटीच्या लाईटमध्ये पटकन दिसतही नाही.

म्हणून मी पेंटिंग सुरू व्हायच्या आधीच दोन्ही कुशींना टॉवेल खोचते आणि ड्रेपच्या आधी न विसरता काढते. औषध ओघळून पाठीखाली, नितंबांखाली किंवा टूर्निकेच्या (रक्त थांबवायला हातापायाला बांधतात त्या पट्ट्याच्या) कापसात जाऊन बसलं तर तास-दोन तास तिथेच राहतं आणि स्किन भाजल्यासारखी होते, मग वॉर्डमध्ये सगळे विचारत बसतात हे कशाने झालं.

नाभी हे वेगळंच प्रकरण आहे. आत मळ साचलेला असतो, ती आधी बारीक बोळ्याने स्वच्छ करायची, तो बोळा टाकायचा आणि मग बाकीचं पोट. बीटाडिन कापायच्या रेषेपासून बाहेर बाहेर न्यायचं, कडेला पोचलेला स्पंज परत मध्ये आणायचा नाही. क्लोरहेक्सिडीन मात्र पुढे-मागे घासून लावतात. काख, जांघ असले भाग सगळ्यात शेवटी. डोळ्याला, कानाच्या आत आणि मेंदूच्या आवरणाजवळ क्लोरहेक्सिडीन अजिबात नाही, डोळ्यात गेलं तर कॉर्नियाची वाट लागू शकते. डोळ्याच्या ऑपरेशनला ५% पोव्हिडोन आयोडीन वापरतात, तेही अल्कोहोल नसलेलं.

ज्यांचं ऑपरेशन ठरलंय त्यांच्यासाठी दोन गोष्टी. घरी रेझर फिरवून "तयारी" करून येऊ नका, प्लीज. ब्लेडने स्किनवर बारीक बारीक चिरा पडतात, डोळ्यांना दिसत नाहीत पण जंतूंना पुरतात. केस काढायची गरज असेल तर आम्ही क्लिपरने काढतो, नसेल तर तसेच ठेवतो.

दुसरं ॲलर्जीचं. मासे-कोळंबी सोसत नाही म्हणजे बीटाडिन चालणार नाही, असं पेशंटच नाही, स्टाफमधलेही सांगतात. त्याचा आयोडीनशी संबंध नाही, ती ॲलर्जी माशातल्या प्रोटीनची असते. उलट क्लोरहेक्सिडीन कुणाच्या डोक्यातच येत नाही, आणि त्याची रिॲक्शन क्वचित येते पण आली तर जीवावर बेतू शकते. ते काही माऊथवॉशमध्येही असतं. तेव्हा माऊथवॉशने कधी तोंड सुजलं असेल किंवा अंगावर गांधी आल्या असतील तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी.