तान्हेल्यांची वही

महोत्सवाचे निमंत्रण टपालाने आले तेव्हा पाकिटावर छापलेल्या शाळेच्या फाटकाच्या रेखाचित्रात मी सर्वांत आधी नळ शोधला. चित्रकाराने चिंच काढली आहे, कमान काढली आहे, कमानीत टांगलेली घंटाही काढली आहे; परंतु फाटकाच्या डाव्या अंगाला, बोर्डिंगच्या भिंतीला लागून जो पितळी तोटीचा नळ होता, तो काढलेला नाही. त्यात त्याचा दोष नाही, कारण तो नळ जाऊन बरीच वर्षे झाली. शाळेने आपल्याला काय दिले, या विषयावर संपादक मंडळाने दोन पाने मागितली आहेत. गणित, इंग्रजी, कवायत आणि स्नेहसंमेलने यांविषयी माझ्यापेक्षा हुशार विद्यार्थी लिहितीलच. मला सरांविषयी आणि त्या नळाविषयीच लिहिता येईल. सर म्हणजे कोणते सर, हे माझ्या वेळच्या कोणालाही सांगावे लागणार नाही. त्या काळी शाळेत शिक्षक पुष्कळ होते, पण नुसते ‘सर’ म्हटले की एकच.

मी १९७० साली नेवासे तालुक्यातील एका खेड्यातून पाचवीत आलो आणि बोर्डिंगात राहिलो. आमच्या घरी जेवणापूर्वी प्रार्थना होई, रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जाणे होई, त्यामुळे आपण ख्रिस्ती आहोत म्हणजे आपल्याला सर्व येते, अशी माझी समजूत होती. सरांच्या पवित्रशास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, तासाने ती हळूहळू मोडली. शोमरोनी माणसाचा दाखला, म्हणजे वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परक्याची येशूने सांगितलेली बोधकथा, शिकवताना ते म्हणाले, “यरुशलेमाहून यरीहोला जाणारा रस्ता एक हजार मीटर खाली उतरतो. पाथर्डीच्या वाटेवरचा करंजीचा घाट डोळ्यांसमोर आणा, तो आणखी उजाड करा आणि मग त्यात एक माणूस अर्धमेला पडलेला पाहा.” तेव्हापासून आजतागायत तो दाखला माझ्या मनात करंजीच्या घाटातच घडतो. त्याच दाखल्यातील ‘कळवळा’ या शब्दावर त्यांनी एक संपूर्ण तास घेतला होता. मूळ ग्रीक शब्दाचे नाते आतड्यांशी आहे आणि येशूने लोकसमुदायाकडे पाहिले तेव्हाही शुभवर्तमानकारांनी हाच शब्द वापरला आहे, असे सांगून ते म्हणाले, “आपल्या आज्या ‘आतडे तुटते’ म्हणतात, त्यांना ग्रीक शिकवण्याची गरज नाही.” ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले, हे त्यांनी आम्हाला याच तासाला सांगितले. कळवळा हा शब्द पुलाच्या दोन्ही टोकांना सापडतो, ही त्यांची पुस्ती.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायातल्या ‘मी तान्हेला होतो’ या शब्दांवर मात्र माझी फजिती झाली. तान्हेला म्हणजे तहानलेला, हे मला ठाऊक नव्हते. प्रभू येथे आपल्या तान्हेपणाविषयी बोलत आहे आणि कोणीतरी त्याला दूध पाजले असावे, असे मी उभा राहून सांगितले. वर्ग हसला. सर हसले नाहीत. “तहानलेला माणूस तान्ह्या मुलासारखाच असतो, दुसऱ्याने दिल्याशिवाय त्याचे चालत नाही. दोन्ही अर्थ जवळ ठेव,” एवढेच म्हणून ते पुढे गेले.

पुढे १९७२ चा दुष्काळ आला. त्याआधीची दोन वर्षेही पावसाने ओढच दिली होती. ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना लाल मिलो ज्वारीची भाकरी आणि सुकडी हे शब्द केवळ शब्द वाटतील. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. कोणी खडी फोडत होते, कोणी पाझर तलावाची माती वाहत होते. आपल्या शाळेपलीकडच्या रस्त्यावरही खडीचे ढीग लागले होते आणि कामावरची माणसे संध्याकाळी परतताना आपल्या फाटकाशी पाण्यासाठी थांबत. आवारातील विहिरीला तेव्हा थोडे पाणी होते. बोर्डिंगातील मुलांनी आठवड्याच्या पाळीने नळ सांभाळावा, येईल त्याला कळशीभर पाणी द्यावे आणि टाकीची खूण खाली गेली की बंद करावे, अशी पद्धत होती.

मार्चमधील एका आठवड्याची पाळी माझी होती. त्याच शनिवारी शब्बाथशाळेच्या पाठांतराची स्पर्धा होती आणि मत्तयाचा पंचविसावा अध्याय मला घडाघडा म्हणायचा होता. मी चिंचेच्या पारावर बसून पाठ करीत होतो. नळ बंद करून दहा मिनिटे झाली असतील. एक बाई कडेवर मूल घेऊन आली आणि म्हणाली, “लेकरा, घोटभर दे रे, पोराला हवंय.” टाकीची खूण अजून वर होती, हे मला बसल्या जागेवरून दिसत होते. तरी मी मान वर न करता म्हणालो, “वेळ संपली, उद्या या.” ती काही बोलली नाही. थोडा वेळ उभी राहिली, मग गेली. मी ‘मी तान्हेला होतो’ या पस्तिसाव्या वचनापाशी होतो की त्याच्या अलीकडे पलीकडे, हे मला आता आठवत नाही. ते मी त्या दिवशी अनेकदा म्हटले होते, एवढे मात्र खरे.

सर व्हरांड्यात उभे होते, हे मला नंतर कळले. त्यांनी मला बोलावले नाही, रागावले नाही, शनिवारी माझे नाव पहिले आले तेव्हा टाळ्याही वाजवल्या. सोमवारी त्यांनी मला एक चाळीस पानी वही दिली आणि शाळा सुटेपर्यंत नळाची पाळी माझ्याकडेच राहील, असे सांगितले. “पाणी तर बैलालाही दाखवतात. तू प्रत्येकाला नाव आणि गाव विचार, मग कळशी भर आणि रात्री वहीत लिही. पहिली ओळ सोडून सुरुवात कर.” ती ओळ शीर्षकासाठी असेल, असे मला वाटले.

बाराव्या वर्षी अनोळखी मोठ्या माणसांना नाव विचारणे फार अवघड असते. पहिल्या संध्याकाळी मी फक्त चार नावे लिहिली. काही बायांना नाव कशासाठी पाहिजे याची शंका येई. हजेरी लागते की काय, असे विचारीत. एक म्हातारा रोज वेगळे नाव सांगे आणि हसे. आठवड्याभरात एकाच नावाच्या तीन बाया झाल्या, म्हणून गावाच्या नावापुढे आणखी एक खूण लिहावी लागली: ‘हिरवे पातळ’, ‘नातू बरोबर’, ‘पायाला चिंधी’. मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत वहीची एकतीस पाने भरली.

बोर्डिंगातील संध्याकाळची प्रार्थना तोवर कशी असे, हे माझ्या सोबत्यांना आठवत असेल. हे दयाळू पित्या, जगातील गोरगरिबांवर दया कर, असे आम्ही एका सुरात म्हणत असू आणि डोळे किलकिले करून स्वयंपाकघराकडे पाहत असू. सरांनी त्या महिन्यापासून माझ्या वहीतील दहा दहा नावे घेऊन प्रार्थना करण्यास आरंभ केला. प्रथम मुले खुदुखुदु हसली. मग कोणीतरी विचारले की पायाला चिंधी असलेल्या बाईंचे काय झाले. मला माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी विचारले तर खडीची कपची लागून जखम चिघळली होती, असे कळले. त्या रात्री सरांनी तिचे नाव घेतले, आमेन म्हटले आणि उठून कपाटातील टिंक्चरची बाटली व कापूस माझ्या हाती दिला. “आमेनच्या पुढचा भाग उद्या पाचला,” एवढेच ते बोलले. याकोबाच्या पत्रातील, उघड्यानागड्या बंधूला नुसते ‘ऊब घे’ म्हणणाऱ्यांविषयीचा उतारा त्यांनी आम्हाला त्यानंतर चार दिवसांनी शिकवला. कृती आधी आणि वचन मागाहून, हा त्यांचा क्रम होता आणि आजच्या प्रशिक्षण शिबिरांना तो जमत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

सरांची आजी लहानपणी दुष्काळात पोरकी होऊन मिशनच्या अनाथाश्रमात वाढली होती. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणून केडगावी त्यांना आसरा दिला, हा इतिहास ते सांगत तेव्हा त्यांचा आवाज बदले. रमाबाईंनी त्या मुलींना विणकाम, छपाई, शेती शिकवली आणि अखेरपर्यंत मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, याचा सरांना विशेष अभिमान. “भाषांतर आणि भाकरी एकाच घरात,” असे ते म्हणत. १८४२ साली आपल्या अहमदनगरात सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकात ते अधूनमधून लिहीत, पण दुष्काळाच्या त्या वर्षी त्यांनी काही लिहिल्याचे मला आठवत नाही.

शाळेनंतर मी पदविका घेतली आणि १९८० साली पाणीपुरवठ्याच्या कामावर रुजू झालो. अडतीस वर्षे नोकरी केली आणि माझ्या देखरेखीखाली हजारावर हातपंप बसले, हे येथे लिहिताना थोडी आत्मप्रौढी होत आहे, ती वाचकांनी सोसावी. ज्या हातपंपावर मी पोट भरले त्याचा एक धागा आपल्यासारख्याच मिशनच्या आवारातून आला आहे, हे मला नोकरीत शिरल्यावर समजले. त्याआधीचे बिडाचे पंप एखाद्या कुटुंबाच्या वापराच्या धर्तीवर घडवलेले होते. पहाटेपासून रात्रीपर्यंत सबंध गाव त्यांवर लोटले की ते मोडत. जालन्याच्या स्कॉटिश मिशनमधील आणि सोलापूरच्या स्वीडिश मिशनमधील माणसांनी खेड्यातील हा वापर डोळ्यांनी पाहून पोलादाचे दणकट पंप केले. सोलापूरच्या पंपावरूनच पुढे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात युनिसेफच्या साह्याने ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप सिद्ध झाला. दांडा किती वेळा खालीवर होतो, हे मोजल्याशिवाय दांड्याचा खिळा किती जाड हवा हे कळत नाही. सरांना हे पत्राने कळवले तेव्हा त्यांनी उत्तर पाठवले: “म्हणजे त्यांनीही वही ठेवली होती म्हणायचे.”

नवा पंप सुरू झाला की पहिली कळशी भरणाऱ्या बाईचे नाव मी मोजमापाच्या डायरीच्या मागच्या पानावर लिहीत असे. एका साहेबांनी ते पाहून, ही माहिती कोणत्या नमुन्यात भरायची आहे, असे विचारले होते.

याचा अर्थ माझी आध्यात्मिक वाढ सरळ चढत्या रेषेत झाली, असा कोणी काढू नये. बदल्यांच्या वर्षांत मंडळीत जाणे केवळ नाताळापुरते उरले होते. वडिलांच्या मागे जमिनीच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी मी सहा वर्षे बोललो नाही. त्याच वर्षांत मी परक्या गावांतील परक्या बायांची नावे निष्ठेने लिहीत होतो, आणि त्यात मला काही विसंगत वाटत नव्हते. सरांना हे कोणी सांगितले कोण जाणे. त्यांचे पोस्टकार्ड आले, त्यावर एकच ओळ होती: “वहीत भावाचे नाव आहे का?” मी ते कार्ड खिशात घालून तीन आठवडे हिंडलो. चौथ्या आठवड्यात भावाच्या दारात गेलो तेव्हा वहिनीने, म्हणजे वयाने लहान म्हणून मी जिला नावाने हाक मारतो तिने, काही न विचारता पाण्याचा तांब्या आणून ठेवला. त्या दिवशी तान्हेला कोण होता, हे मला वेगळे सांगावे लागू नये.

गेल्या वर्षी शाळेत येऊन गेलो. आता अहिल्यानगर झालेल्या आपल्या गावात शाळेची इमारत देखणी झाली आहे, मुलांचे निकाल उत्तम आहेत, तरी बोर्डिंग बंद पडल्याचे पाहून मन उदास झाले. फाटकावर पहारेकरी आहे, त्याने माझे नाव विचारून नोंदवहीत लिहिले, आणि मला हसू आले. आवारात आमच्याच तुकडीने दिलेले पाणी शुद्ध करण्याचे यंत्र आहे. त्यावरील संगमरवरी पाटीवर देणाऱ्या आम्हा सतरा जणांची नावे कोरली आहेत. पाटी लावण्याच्या ठरावावर माझीही सही आहे. ते यंत्र आतल्या बाजूला आहे. रस्त्यावरून येणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

सर गेले तेव्हा मंडळीने टिळकांची पदे म्हटली. तेथे जमलेल्यांत मागच्या रांगेत एक वृद्ध बाई काठी टेकून उभ्या होत्या. त्यांच्या पायाकडे मी पाहिले, पण नऊवारीमुळे काही दिसले नाही, आणि विचारण्याचे त्या वेळी सुचले नाही.

महोत्सवाच्या प्रदर्शनासाठी शाळेने ती वही मागितली आहे आणि मी ती पाठवली आहे. त्यातील नावे संगणकावर उतरवून घेणाऱ्या मुलीचा परवा फोन आला. “काका, पहिली ओळ कोरी आहे. शाई पुसली गेली आहे का?” मी म्हणालो, नाही, तेथे कधी लिहिलेच नव्हते. “मग नोंदी दुसऱ्या ओळीपासून मोजू?” असे तिने विचारले. सर प्रार्थनेत पहिले नाव घेण्यापूर्वी प्रत्येक वेळी क्षणभर थांबत असत, ते मला आठवले. मी तिला सांगितले, “नको. क्रमांक एक त्या कोऱ्या ओळीलाच दे. तिच्या कडेवर एक मूलही होते.”