वॉपिंगच्या पायऱ्या आणि कापलेलं पान

पंचवीस पाउंड, आणि तेही एका पानाचे. जाड पांढऱ्या पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेलं, वरून पारदर्शक कागद, कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेली किंमत. चित्रात तीन खलाशी एका बाकावर दाटीवाटीनं बसलेले, अंगावरच्या कोटांची बटणं आता तुटतील की मग अशी ताणलेली. मागे भिंत नाही, खिडकी नाही, नुसती एक आडवी रेघ. पण त्या रेघेवरून कळत होतं की ही माणसं दारूच्या गुत्त्यात बसली आहेत आणि त्यांच्या खिशात आज पैसे नाहीत. खाली सही : विल ओवेन.

मी पान उलटून पाहिलं. मागे गोष्टीचा मजकूर होता, वाक्याच्या मध्येच सुरू झालेला आणि मध्येच तुटलेला.

"बाकीची गोष्ट कुठे आहे?" मी दुकानदाराला विचारलं. तो सरळपणे म्हणाला, जुन्या मासिकाचे अख्खे खंड कोणी घेत नाही, सुटी चित्रं पटकन जातात. चित्रं कापून घेतल्यावर उरलेलं रद्दीत. मी पान जागेवर ठेवलं आणि बाहेर आले. संताप झाला होता, आणि तो दोन दिवस टिकला.

लंडनला भाचीकडे आठ दिवस होते. त्यातले पहिले पाच सगळे जातात तिथे गेले. गर्दी मला सोसत नाही, आणि त्या पाच दिवसांबद्दल नवं काही सांगण्यासारखं माझ्याकडे नाही.

ते पान 'स्ट्रँड' मासिकातलं होतं. जानेवारी 1891 ला सुरू झालेलं हे मासिक मार्च 1950 पर्यंत चाललं. मालक जॉर्ज न्यून्स यांचा चित्रांवर फार भर होता. अंक सहा पेनींना, आणि त्यात चित्रंच चित्रं. लोक आज त्याला शेरलॉक होम्ससाठी ओळखतात. पण त्याच पानांवर वाचकांना वर्षानुवर्षं हसवत होते डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज. आपल्याकडे कॉलेजात शिकलेल्यांना त्यांची एकच गोष्ट ठाऊक असते, हिंदुस्थानातून आणलेल्या माकडाच्या पंजाची, अंगावर काटा आणणारी. मलाही तेवढीच माहीत होती. प्रत्यक्षात हा माणूस विनोदी लेखक. जन्म 1863 चा, लंडनच्या वॉपिंग भागातला. वडील थेम्सकाठच्या धक्क्यावर व्यवस्थापक. स्वतः कितीतरी वर्षं पोस्टाच्या बचत बँकेत कारकुनी केली आणि लिहिलं ते लहानपणी पाहिलेल्या खलाशांबद्दल. त्यांच्या माणसांना चेहरे दिले ओवेन यांनी. भाचीला सही दाखवली तेव्हा तिनं लगेच ओळखलं, "मावशी, बिस्टोची ती दोन मुलं यांचीच गं!" ग्रेव्हीच्या जाहिरातीतली ती मुलं इंग्लंडमध्ये वाढलेल्या प्रत्येकाला पाठ असतात.

सहाव्या दिवशी वॉटर्लू पुलाखालच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात 'स्ट्रँड'चा सहा महिन्यांचा एक अख्खा खंड मिळाला. फिकट निळं कापड, पाठ निखळलेली, पानांना दमट कपाटाचा वास. पंधरा पाउंड! सहा महिन्यांच्या सगळ्या गोष्टी त्या एका पानापेक्षा स्वस्त. तो उराशी धरून मी दुसऱ्या दिवशी वॉपिंगला गेले.

वॉपिंग स्टेशनात गाडी थांबते ती नदीखालून आलेल्या बोगद्याच्या तोंडाशी. 1843 मध्ये खुला झालेला ब्रुनेल या इंजिनीअर बापलेकांचा तो बोगदा. वर आलं की फरसबंदी रस्ता आणि दोन्ही बाजूंना उंच विटांच्या वखारी. आता त्यांत श्रीमंतांची घरं आहेत. 'टाउन ऑफ रॅम्सगेट' नावाच्या जुन्या पबच्या बाजूनं एक अरुंद बोळ जातो आणि अचानक नदीत उतरतो. ह्याच वॉपिंग ओल्ड स्टेअर्स. ओहोटी होती. वरच्या पायऱ्या कोरड्या, मधोमध झिजून खोलगट झालेल्या. खालच्या हिरव्या शेवाळानं माखलेल्या. भाचीनं माझा हात घट्ट धरला होता. खाली चिखल, गोटे आणि वास, पण मासळीबाजाराचा नव्हे, गंजलेल्या लोखंडाचा. जेकब्जच्या कितीतरी गोष्टी अशाच एखाद्या धक्क्यावरचा रात्रीचा रखवालदार सांगतो. तो कुठे बसत असेल ते मी शोधत राहिले.

मग नदीकाठच्या एका छोट्या बागेत बाकावर बसून खंड उघडला. जिंजर डिक, पीटर रसेट आणि सॅम स्मॉल या तिघा खलाशांची गोष्ट निघाली. वाचायला लागले तर अडखळायलाच झालं. बोली तशीच लिहिलेली, शब्दांची टोकं खाल्लेली. भाचीनं खंड ओढून घेतला आणि मोठ्यानं वाचू लागली. तिच्या तोंडून ते लंडनी उच्चार आले आणि एकेक वाक्य उलगडत गेलं. "हे डोळ्यांनी नाही, कानांनी वाचायचं, मावशी."

तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या घरी दिवाळी अंक आला की आम्ही भावंडं आधी चित्रंच पाहायचो, पण आपल्याकडच्या कथाचित्राखाली सहसा ओळ नसते. इथे चित्राखाली गोष्टीतलंच एक वाक्य छापलेलं असतं, आणि पुष्कळदा ते वाक्य गोष्टीत येतं पुढच्या पानावर. म्हणजे सॅम भिंतीला पाठ लावून उभा आहे, चेहरा पडलेला, हे आधी दिसतं. का, ते कळत नाही. वाचणारा त्या वाक्याची वाट पाहत पुढे सरकतो. लेखक, चित्रकार आणि पानं जुळवणारा अशा तिघांनी मिळून तो विनोद रचलेला असतो. चित्र कापून काढलं की पुठ्ठ्याच्या चौकटीत नुसता एक जाड माणूस उरतो.

भाचीनं पान उलटलं. चार ओळींनंतर ते वाक्य आलं, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्या बाकावरच्या आजोबांनी वळून पाहिलं. भाचीनं त्यांना खंड दाखवला. ते उठून आले, चित्राकडे बराच वेळ पाहत राहिले, आणि म्हणाले, जरा पहिल्यापासून वाचशील का?

तिनं मागची पानं उलटली आणि पुन्हा सुरुवात केली. पाणी एव्हाना भिंतीला लागलं होतं.